दोघांत एक सूट

बोलतोय तो मी, पाणबुड्याचा सूट. जरा चिडून बोलतोय, तेवढं सांभाळून घ्या. गळ्यापासून बेंबीपर्यंत उभं चिरलेल्यानं गोड बोलावं, अशी अपेक्षा कुणी करू नये.

सध्या माझा मुक्काम आगरदांड्याला, मैनाच्या शिलाई मशीनशेजारी आहे. मैना गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवते. तिचा नवरा जीवन पाणबुड्या आहे. मी त्याचा होतो. म्हणजे अर्धा त्याचा होतो. उरलेला अर्धा अल्पेशचा. सगळं दुखणं तिथूनच सुरू झालं.

मी काळ्या निओप्रीनचा. ते एक फुगीर रबर असतं, त्यात डोळ्याला न दिसणारे लाखो बुडबुडे असतात. कारखान्यात माझे तुकडे कापले, कडेला कड चिकटवली, वरून टाके घातले आणि पाठीवर लांबलचक चेन बसवली. मी पाणी अडवतो असा लोकांचा समज असतो. तसं नाही. मी थोडं पाणी आत घेतो आणि अंगाशी धरून ठेवतो. माणसाच्या उबेनं ते कोमट होतं आणि मग तो तास-दोन तास खाली राहिला तरी गारठत नाही. पण त्यासाठी मी त्याच्या अंगावर दुसऱ्या कातडीसारखा बसायला हवा. सैल असलो तर पाणी आत-बाहेर वाहत राहतं आणि ऊब घेऊन जातं. घट्ट असलो तर छाती फुलत नाही.

म्हणून मला विकत घेताना माणूस सोबत लागतो. पायात घालायच्या चपलेला पाय लागतो ना, तसाच.

अलिबागला हेतलबेनचं पाण्यातल्या सामानाचं दुकान आहे. तिथल्या दांडीवर मी टांगलेलो असताना कुलदीपशेठ आला. उरणकडचा माणूस. बापजादे मिठागरात राबले, यानं आधी ट्रक घेतले आणि मग जेट्ट्यांच्या दुरुस्तीची कंत्राटं. त्याच्या एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात गाडीची चावी होती.

"कोणासाठी हवाय?" हेतलबेननं विचारलं.

"माझे दोन पाणबुडे आहेत."

"मग त्यांना घेऊन या, भाई. छाती, कंबर, उंची, मानेचा घेर, सगळं मापावं लागतं. घालून वाकून बघायचं, हात वर करून बघायचं, दम भरून बघायचा."

"कुठे आणू आता? सोमवारी काम चालू. एक मोठा साइज द्या ना. दोघं आलटूनपालटून घालतील. रबर आहे, ताणतं की."

"ताणतं म्हणून कुणालाही होत नाही."

"टेन्शन नका घेऊ, बेन. मुंबई-रायगडात सगळं ॲडजस्ट होतं."

हेतलबेननं हात टेकले. मला पिशवीत घातलं आणि वर एक कागद ठेवला. वापर झाला की गोड्या पाण्यात धुवा, उलटा करून सावलीत वाळवा, घडी घालू नका, चेनला मेण लावा, असं त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. वाटेत कुलदीपशेठनं त्या कागदानं गाडीची काच पुसली.

हा माणूस मनानं वाईट नव्हता, हे मला सांगायला हवं. कामावरच्या माणसांना तो वेळेवर जेवू घालायचा. पाण्याच्या वरचं सगळं त्याला कळायचं. पाण्याखाली तो जन्मात कधी गेला नव्हता आणि तिथलं जे कळत नाही ते विचारावं, असंही त्याला वाटत नव्हतं.

काम होतं खाडीतल्या एका खासगी जेट्टीचं. जेट्टीच्या खांबांवर कालवं चिकटून चिकटून त्यांचा जाड थर झाला होता. तो खरवडायचा आणि आत खांबाला तडे गेलेत का ते बघायचं. बघायचं म्हणजे हातानं. खाडीचं पाणी इतकं गढूळ की स्वतःचा कोपर दिसत नाही. वर जेट्टीवर कंप्रेसर, त्याच्यापासून रबरी नळी, नळीच्या टोकाला तोंडभर मुखवटा आणि कमरेला दोर. वरच्यानं दोराला झटका दिला की खालच्यानं परत झटका द्यायचा. तो परतीचा झटका म्हणजे "मी बरा हाय".

पहिल्या दिवशी जीवननं मला अंगात घातलं आणि मला कळलं की आमचं जमणार नाही. जीवन उंच आणि वाळक्या बोंबलासारखा सडपातळ. माझी पाठ त्याच्या पाठीला लागेच ना. त्यात जानेवारीचे दिवस. प्रत्येक हालचालीला गार पाणी मानेतून शिरायचं आणि पायातून निघून जायचं. पाऊण तासानं तो वर आला तेव्हा त्याचे दात वाजत होते.

मग अल्पेश. तो कबड्डीत पकडीला खेळायचा. मांड्या खांबासारख्या, मान बैलासारखी. जीवननं पाठीमागून गुडघा लावून चेन ओढली तेव्हा कुठे ती वर गेली.

"दादा, गल्याशी आवलतंय," अल्पेश म्हणाला.

"नवीन आहे रे, होईल सैल," हे जीवननं नव्हे, तर खुर्चीवर बसलेल्या कुलदीपशेठनं सांगितलं.

मी सैल झालो नाही. होणारही नव्हतो. उलट आकसलो, आणि का आकसलो ते ऐका.

मीठ हा माझा शत्रू आहे. समुद्रातून वर आलो की मला एक बादली गोडं पाणी हवं. फक्त एक बादली. जेट्टीवर गोड्या पाण्याचा पिंप होता, पण तो टँकरनं यायचा. जीवननं पहिल्याच दिवशी तांब्या बुडवला तर कुलदीपशेठ ओरडला, "ते प्यायला नि चहाला आहे. कपडे धुवायला नाय!"

मी कपडा नव्हतो. पण ते कोण सांगणार?

मला तसाच खारट, ओला, जेट्टीवरच्या पत्र्याच्या शेडवर टाकायचे. दुपारी पत्रा असा तापायचा की त्यावर पापड भाजावा. संध्याकाळी मला काढून चौघडी करून डिझेलच्या कॅनशेजारी कोंबायचे. माझ्या रबरातले बुडबुडे एकेक करून मरत गेले. पंधरा-वीस दिवसांत मी ताठ झालो, गळ्याशी आखडलो. चेनच्या दातांत मिठाचे खडे बसले. ती वर-खाली करताना करकर वाजायची. मीही त्या करकरीतून ओरडत होतो, असं समजा. कुणी ऐकलं नाही.

एक दिवस कालवाच्या धारेनं माझा डावा गुडघा फाटला. जीवननं मला मोटारसायकलला बांधून घरी आणलं आणि मैनापुढे टाकलं.

"हे शिवून दे. उद्या पायजे."

मैनानं मला उचललं. आधी नाकाशी नेलं, मग तोंड वाकडं केलं. मग चिमटीनं माझी बाही दाबून बघितली. तिच्या बोटांत कापडाची समज होती. तिनं मला उभं धरलं, जीवनच्या खांद्याला माझा खांदा लावला आणि कपाळाला आठी घातली.

"अवो, हा तुमच्या मापाचा न्हाय."

"दोघांत एक हाय. अल्पेशला घट्ट, मला ढिला. चालतंय."

"चालतंय? माझ्याकडं एखादी बाय आली नि बोलली, तिघी बहिनींना मिलून एक ब्लाउज शिव, तर मी तिला काय बोलंन? आन् ब्लाउज घालून कुनाला पान्यात मरायचं नसतंय!"

जीवन हसला. मला मात्र, जन्मल्यापासून पहिल्यांदाच, कुणीतरी माझ्या बाजूनं बोलल्यासारखं वाटलं.

मैनानं सुई हातात घेतली, पण टोचण्याआधी थांबली. माझ्या गळ्याच्या आत दुकानाची पट्टी होती. तिच्यावरचा नंबर तिनं फिरवला. हेतलबेननं तिला दहा मिनिटं समजावलं. आरपार टाका घालायचा नाही, भोकांतून पाणी येतं. कडा कोरड्या करून खास गोंदाचे दोन हात द्यायचे, थांबायचं, मग दाबून धरायचं. गोंद तिनं दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं पाठवून दिला.

गोंदाची वाट बघण्यात गेलेला तो दिवस माझ्या आयुष्यातला एकमेव सुखाचा दिवस. मैनानं रिठ्याच्या पाण्यात मला हळूच बुचकळलं, उलटं केलं, पुन्हा बुचकळलं. चेनवर जुना दातांचा ब्रश फिरवला आणि मेणबत्ती घासली. मग जाड वाशावर, सावलीत, अधांतरी सोडलं. मी थेंब थेंब करत मीठ गाळत राहिलो. कितीतरी दिवसांनी माझे हातपाय मोकळे झाले. वाळल्यावर, गोंद आला तसा गुडघाही जोडला गेला. आखडलेला गळा मात्र मोकळा झाला नाही. गेलेलं परत येत नाही, एवढं मला तिथंच कळलं.

"रोज असंच करायचं," मैनानं जीवनला बजावलं आणि गोड्या पाण्याचे दोन कॅन मोटारसायकलला लटकवले.

पहिल्या दिवशी त्या पाण्यानं मला धुतलं. दुसऱ्या दिवशी अर्धा कॅन चहात गेला. तिसऱ्या दिवशी कंप्रेसरचं इंजिन तापलं आणि दोन्ही कॅन त्याच्यात गेले. इंजिनाची काळजी सगळ्यांना होती. ते बंद पडलं तर आवाज थांबतो, कळतं. मी बंद पडत चाललो होतो तो आवाज न करता.

अपघात झाला तो दिवस भांगाचा होता. भांगाला भरती-ओहोटीची ओढ कमी असते, म्हणून पाणबुड्यांना ते दिवस आवडतात. काम संपवायची घाई होती. सकाळी नऊच्या सुमाराला अल्पेशनं मला अंगावर चढवलं. चेन मानेच्या खाली येऊन अडकली. जीवननं ओढली, कुलदीपशेठनंही हात लावला आणि दोघांनी मिळून ती वर नेली.

"शेठ, खरंच लय आवलतंय. मान वलत न्हाय माझी," अल्पेश म्हणाला.

"अर्ध्या तासाचं काम आहे. शेवटचे दोन खांब. मग घरी जा."

अल्पेशनं मुखवटा लावला आणि उतरला.

पाण्याखाली गेल्यावर तो खांबाला मिठी मारून खरवडू लागला. खरवडताना मान वर करावी लागते. प्रत्येक वेळी माझी गळपट्टी त्याच्या मानेत दोन्ही बाजूंनी रुतत होती. त्याची नस माझ्याखाली उडत होती, ती मला जाणवत होती. मी ताणायचा प्रयत्न केला. तुम्हाला वाटेल, सूट कसला प्रयत्न करणार? पण मी केला. माझ्यात ताण उरलाच नव्हता. तापलेल्या पत्र्यानं तो कधीच संपवला होता.

त्याच्या हातातला खरवडणीचा सुरा सुटला. मग त्याचे हात सुटले. मान पुढे पडली. मुखवटा तोंडभर होता म्हणून नाकातोंडात पाणी गेलं नाही. नाहीतर ही गोष्ट इथंच संपली असती.

वर जीवननं दोराला झटका दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला. उत्तर नाही. त्यानं दोर ओढला, तो खांबांच्या आडव्या तुळईला गुंडाळला गेला होता. मग जीवननं कशाचीही वाट बघितली नाही. नुसत्या चड्डीवर, उघड्या अंगानं, दोर हाताशी धरून त्यानं दम भरून उडी मारली.

तो दोन पुरुष उंचीएवढ्या खोल, अंधारात, चाचपडत आमच्यापर्यंत आला. त्यानं दोर सोडवला, अल्पेशच्या काखेत हात घातले आणि खांबाला पाठ घासत वर निघाला. त्या खांबावरची कालवं अजून खरवडायची राहिली होती. सुरीसारख्या धारा त्या. त्याच्या पाठीवर मी असायला हवा होतो. तेवढ्यासाठी तर माझा जन्म. आणि मी कुठे होतो? ज्याला वाचवायचं त्याचा गळा आवळत होतो.

वर आल्यावर मुखवटा काढला. अल्पेशचा चेहरा काळानिळा पडला होता. कुलदीपशेठनं त्याला कुशीवर वळवून माझी चेन ओढली. ती हलेना. त्यानं पक्कड लावली. चेनचं टोक तुटून त्याच्या हातात आलं. पक्कड निसटून खाली पडली.

"बाजूला व्हा!" जीवन ओरडला. शेठला तो असं पहिल्यांदाच बोलत होता.

त्यानं दुसरा सुरा घेतला, माझ्या गळ्याखाली दोन बोटं घालायला बघितली, एकच गेलं. त्या बोटाच्या आधारानं त्यानं पातं सरकवलं आणि मला गळ्यापासून खाली उभं फाडलं.

मला दुखलं असेल का, असं विचारू नका. मला एवढंच आठवतं की माझी गळपट्टी सुटली आणि अल्पेशच्या छातीत हवा शिरल्याचा आवाज आला. मग तो खोकला. आख्ख्या आयुष्यात मी त्या माणसाच्या कामी आलो तो त्या क्षणी, फाटून.

मुरूडच्या डॉक्टरांनी सांगितलं, मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा दाबल्या गेल्या की धडधाकट माणूससुद्धा बेशुद्ध पडतो. अजून काही मिनिटं गेली असती तर तो हाती लागला नसता. जीवनच्या पाठीला सव्वीस टाके पडले.

चार दिवसांनी कुलदीपशेठ सफरचंदं घेऊन घरी आला. जीवन पालथा पडलेला होता. मी कोपऱ्यात. शेठनं माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर फिरवली.

"वहिनी, झालं ते वाईट झालं. सगळा खर्च माझ्याकडे. आणि सूट नवीन आणतो. या वेळी अजून मोठा आणतो, म्हणजे कुणालाच आवळणार नाय."

मैनाच्या हातात कात्री होती. तिनं ती खाली ठेवली.

"भाऊ, तुम्हाला अजून समाजलंच न्हाय. मोठा न्हाय पायजे. मापाचा पायजे. जितकी मानसं तितके सूट. त्यांना दुकानात घेऊन जायचं, घालून बघायचं. आन् जेट्टीवर सूट धुवायला येगला पिंप. त्यातलं पानी चहाला न्हाय, इंजिनला न्हाय."

"अहो, दिघीकडून माणसं यायला तयार आहेत. त्यांचं एवढं नाटक नाय."

"मग आना त्यांना. त्यांच्या पन बायका असतील."

शेठ जीवनकडे वळला. "तू बोल ना काही."

जीवननं उशीवरून मान वळवली. तो मुळात कमी बोलणारा. पण म्हणाला, "ती बोलतेय तेच माझं. मापाचा असंल तर उतरंन. न्हायतर न्हाय."

कुलदीपशेठ उठला आणि गेला. सफरचंदं राहिली.

दिघीकडची माणसं आली खरी. दोन दिवस उतरली आणि निघून गेली. त्या काळोख्या पाण्यात कुठला खांब कुठे वळलाय, कुठे तुळई आडवी आहे, हे फक्त जीवनच्या आणि अल्पेशच्या हातांना ठाऊक होतं. इकडे जीवनची जखम भरली तरी हातात काम नव्हतं. तो एका मच्छीमार बोटीवर जाळं ओढायला जाऊ लागला, तर पाठीवर एका ठिकाणी ती पुन्हा उकलली. मैना रात्रंदिवस मशीनवर. त्या महिन्यात तिच्या तोंडून एकदा निसटलं, "आपुन जास्तच तानलं काय वो?" जीवन म्हणाला, "न्हाय." तेवढंच.

शेवटी फोन आला. कुलदीपशेठनं जीवनला आणि राजपुरीच्या विनेश नावाच्या नव्या पाणबुड्याला गाडीत घातलं आणि अलिबागला नेलं. हेतलबेननं तासभर दोघांना वाकवलं, बसवलं, दम भरायला लावला. शेठ दुकानाबाहेर येरझाऱ्या घालत होता, असं जीवन घरी येऊन सांगत होता. दोन सूट आले. जेट्टीवर वेगळा निळा पिंपही आला.

तुम्हाला वाटेल, मग आता का चिडलायस?

ऐका. तो पिंप दोनदा भरला. तिसऱ्या आठवड्यापासून कोरडा आहे. "टँकरवाला आला नाय," "उद्या भरू," "एका दिवसानं काय होतंय." मी हेच ऐकत ऐकत ताठ झालो होतो. आता जीवन रोज संध्याकाळी दोन्ही ओले सूट मोटारसायकलला बांधून घरी आणतो आणि मैना नळाला आलेल्या घरच्या पाण्यातून त्यांना अंघोळ घालते. आख्खी जेट्टी दुरुस्त करणाऱ्यांना एक पिंप भरता येत नाही, आणि ब्लाउज शिवणारी बाई तो भार उचलते. याचा राग येऊ नये तर काय व्हावं?

अल्पेश पुन्हा पाण्यात उतरला नाही. त्याला गळ्याशी शर्टाचं वरचं बटणही आता सोसत नाही. पण तो काम सोडून गेला नाही. जेट्टीवर दोर धरून तो उभा असतो. परवा तो आणि विनेश इथं जेवायला आले होते तेव्हा विनेश मैनाला सांगत होता, "वैनी, आमी उतरायच्या आदी हा आमच्या गल्यात दोन बोटं घालून बघतो. मग दम भर बोलतो, मान फिरव बोलतो. शेठ वरून बोंबलतो, टाइम जातोय म्हनून. हा ऐकतच न्हाय."

अल्पेश भाकरी मोडत राहिला. निघताना मात्र माझ्यापाशी थांबला, माझी फाटलेली गळपट्टी बोटांनी चाचपली आणि पुन्हा नीट घडी न घालता, सरळ पसरून ठेवली. माझ्या मनात त्याच्याबद्दल जे होतं ते मला सांगता आलं नाही. तुमच्यामार्फत सांगतो. अल्पेश, मला आवळायचं नव्हतं रे.

बाकी तुम्हाला सांगायचं ते थोडकंच. तुमच्या घरचं कुणी पाण्यात उतरत असेल, पोटासाठी किंवा हौसेसाठी, तर त्याचा सूट दुसऱ्या कुणाला आणायला लावू नका. त्याला स्वतःला दुकानात न्या. वर आल्यावर एक बादली गोडं पाणी द्या आणि थोडी सावली. एवढ्याला कुणाचीच ना नसते. फक्त उद्यावर ढकलू नका.

माझं आता फार उरलेलं नाही. माझी पाठ कडक झाली, ती कामाची नाही. पण बाह्या अजून मऊ आहेत. नव्या सुटांच्या गुडघ्यांवर कालवं फार घासतात, म्हणून तिथं जाड ठिगळं चिकटवायची असं मैनानं ठरवलंय. आज सकाळी तिनं मला मांडीवर घेतलं आणि माझ्या डाव्या बाहीवर खडूनं गोल रेघ मारली. शेजारी कात्री ठेवलेली आहे, गोंदाची डबी उघडून ठेवलेली आहे.

मी मुकाट पडून आहे. भीती वाटत नाही. रेघ मारण्याआधी तिनं जीवनचा गुडघा दोनदा मोजला.